मुलांना आकाशाची ओळख करून देताना: चंद्रापासून दीर्घिकांपर्यंत

मुलांना ग्रह, तारे आणि दीर्घिका यांची ओळख करून द्यायची असे ठरवल्यावर बहुतेक पालक आणि शिक्षक आधी एखादे रंगीत चित्रांचे पुस्तक किंवा सूर्यमालेचा तक्ता समोर घेतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्या तक्त्यावर सूर्याला खेटून आठ ग्रह एका ओळीत बसवलेले असतात, आणि लहानपणी मनावर ठसलेले ते चित्र पुढे कित्येक वर्षे पुसले जात नाही. खरे अवकाश जवळजवळ संपूर्ण रिकामे आहे. ते रिकामेपण मुलाला जाणवले नाही, तर पुढे प्रकाशवर्ष, आकाशगंगा, दीर्घिका हे सगळे शब्द केवळ पाठ करण्याचे होऊन बसतात. म्हणून येथे सुचवलेला क्रम साधा आहे: आधी डोळ्यांनी आकाश पाहावे आणि मग पुस्तक उघडावे, आणि सुरुवात जवळच्या गोष्टीपासून करून एकेक पायरीने दूर जावे. यासाठी खगोलशास्त्राचे शिक्षण लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. एक वही, एक दोरा, दोन-तीन चेंडू आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास एवढे पुरेसे आहे.

आरंभापूर्वी: शब्द नीट ठरवून घ्यावेत

मराठीत या विषयाचे शब्द सुंदर आहेत. मात्र रोजच्या बोलण्यात ते एकमेकांत मिसळतात. तारा स्वतःच्या प्रकाशाने तळपतो. सूर्य हाही एक तारा आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो आणि ताऱ्याचाच प्रकाश परावर्तित करतो. उपग्रह ग्रहाभोवती फिरतो. अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात, आणि आपण ज्या दीर्घिकेत राहतो तिचे नाव आकाशगंगा. 'आकाशगंगा' हाच शब्द पुष्कळदा कोणत्याही दीर्घिकेसाठी वापरला जातो. परंतु मुलांशी बोलताना हा भेद पहिल्या दिवसापासून पाळावा, म्हणजे पुढे 'आपली आकाशगंगा आणि इतर दीर्घिका' असे सांगताना गोंधळ होत नाही. नक्षत्रे २७ आहेत आणि ती चंद्राच्या मार्गालगतची आहेत, तर आज सर्व जगात मान्य असलेले तारकासमूह ८८ आहेत. 'तारा तुटला' असे आपण सहज म्हणतो, पण तेथे तुटलेला कोणताही तारा नसतो. बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा एखादा खडा प्रचंड वेगाने वातावरणात शिरून तापतो आणि प्रकाशाची रेघ ओढून जातो. तिला उल्का म्हणावे. असा तारा तुटताना पाहिल्यावर 'आता आकाशातला एक तारा कमी झाला का?' असे मूल विचारते, तेव्हा हे सांगण्याची खरी वेळ आलेली असते.

पहिली पायरी: चंद्र

चंद्र शहराच्या झगमगाटातूनही दिसतो, रोज बदलतो आणि त्याला शोधावे लागत नाही. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलापासून कोणालाही येथूनच सुरुवात करता येते. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी, सूर्यास्तानंतर पश्चिमेला बारीक कोर दिसते, त्या संध्याकाळी पहिले चित्र काढावे. त्यानंतर पौर्णिमेपर्यंत दररोज एकाच वेळी, एकाच जागी उभे राहून चंद्र कोठे आहे आणि कसा आहे हे मुलाने वहीत काढावे. जागा बदलू नये. समोरचे एखादे झाड किंवा छताची कड चित्रात असावी, कारण चंद्र रोज किती सरकला हे त्या खुणेमुळेच कळते. दोन आठवड्यांत मुलाच्या आपोआप लक्षात येते की कोर वाढत जाते, चंद्र दर संध्याकाळी अधिक पूर्वेला सापडतो आणि पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो हे वाक्य त्यानंतर सांगितले, तर ते मुलाच्या स्वतःच्या वहीतलेच असते.

चंद्र फक्त रात्री दिसतो असे अनेक मुलांना वाटते, कारण चित्रांत तो रात्रीच असतो. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी बाहेर नेऊन निळ्या आकाशातला पांढुरका चंद्र दाखवावा. अशी एक सकाळ दहा पाने वाचून दाखवण्यापेक्षा अधिक शिकवून जाते.

दुसरा गैरसमज मोठ्यांमध्येही आढळतो: चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. तसे नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणात. कला समजावण्यासाठी अंधाऱ्या खोलीत एकच उघडा दिवा लावावा आणि पेन्सिलीच्या टोकावर खोचलेला लहानसा पांढरा चेंडू मुलाच्या हाती द्यावा. मुलाचे डोके म्हणजे पृथ्वी, दिवा म्हणजे सूर्य. हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा किंचित उंच धरायचा, म्हणजे डोक्याची सावली त्यावर पडत नाही, आणि जागच्या जागी डावीकडे हळूहळू वळत एक फेरी पूर्ण करायची. दिव्याकडे तोंड असताना चेंडूची काळोखी बाजू दिसते, ती अमावास्या. थोडे वळताच एका कडेला उजळ कोर उमटते, पाव फेरीला अर्धा चेंडू उजळतो आणि दिव्याकडे पाठ झाली की तो पूर्ण उजळतो. चेंडूचा अर्धा भाग सतत उजळलेलाच असतो, आपल्याला त्यातला किती दिसतो एवढेच बदलते. मोठ्याने समजावत बसू नये. मुलाला दोन-तीन फेऱ्या घेऊ द्याव्यात आणि काय दिसते ते त्यालाच बोलू द्यावे.

चंद्र किती दूर आहे? एका दोऱ्याचा प्रयोग

अंतराची पहिली खरी जाणीव येथेच करून द्यावी. टेनिसचा चेंडू पृथ्वी मानला तर एक मोठी गोटी चंद्र म्हणून चालते, कारण चंद्राचा व्यास (३,४७४ किलोमीटर) पृथ्वीच्या व्यासाच्या (१२,७४२ किलोमीटर) साधारण पाव आहे. आता मुलांना विचारावे: गोटी चेंडूपासून किती अंतरावर ठेवायची? आजवर मी ज्या ज्या मुलांना हे विचारले, त्यांपैकी बहुतेकांनी ती वीतभर अंतरावर ठेवली. कित्येक मोठ्या माणसांनीही तेच केले. मग चेंडूभोवती दोरा साडेनऊ वेढे गुंडाळावा, उलगडावा आणि सरळ ताणावा. तो सुमारे २ मीटर भरतो. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या ३० पट आहे, आणि साडेनऊ वेढ्यांची लांबी नेमकी तेवढी येते.

एकदा एका सात वर्षांच्या मुलीने दोऱ्याच्या टोकाशी गोटी ठेवली, परत चेंडूपाशी येऊन ती पोटावर पालथी झाली, एक डोळा मिटून चेंडूच्या कडेवरून गोटीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मग तो एवढा मोठा कसा दिसतो?" त्या रात्री पूर्ण चंद्र होता. तिला हात लांब करून करंगळीने चंद्र झाकायला सांगितले. करंगळीच्या नखाखाली चंद्र संपूर्ण लपला, वर जागाही उरली, आणि तिला ते इतके खोटे वाटले की तिने हात बदलून पुन्हा करून पाहिले. लांब केलेल्या हाताची करंगळी आकाशात साधारण १ अंश झाकते आणि चंद्र असतो केवळ अर्ध्या अंशाचा. वळलेली मूठ झाकते सुमारे १० अंश. आकाशात अंतरे सांगण्यासाठी हे माप पुढे सतत उपयोगी पडते: 'त्या ताऱ्यापासून दोन मुठी डावीकडे' असे म्हटले की मुलाला नेमके ठिकाण सापडते. मुलाचा हात आखूड असतो पण मूठही लहान असते, त्यामुळे माप जवळजवळ तेवढेच राहते.

दुसरी पायरी: सूर्य, तोही दिवसा आणि न पाहता

येथे एक नियम कठोरपणे पाळावा. सूर्याकडे थेट पाहू नये, आणि दुर्बिणीतून किंवा द्विनेत्रीतून (दोन्ही डोळ्यांना लावायच्या लहान जोडदुर्बिणीतून) तर क्षणभरही नाही. दृष्टिपटल कायमचे जळू शकते आणि जळताना वेदनाही होत नाही. दिवसा दुर्बीण मुलांच्या हाती देऊ नये. ग्रहण पाहायचे असेल तर आयएसओ १२३१२-२ हे मानक पाळणारे सौरचष्मे मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावेत. साधे काळे चष्मे, काजळी धरलेली काच किंवा जुने एक्स-रे अजिबात वापरू नयेत.

सूर्य न पाहताही तो दाखवता येतो, आणि त्यासाठीची सर्वांत सुंदर वस्तू झाडाखाली आयती मिळते: कवडसा. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवर पडलेले कवडसे गोल किंवा लंबगोल असतात. असे का, हे मुलाला आधी विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. बारीक फट भिंगाशिवाय ती जमिनीवर उमटवते. खंडग्रास ग्रहणात हेच सगळे कवडसे एकाच वेळी कोरीसारखे होतात. घरी करायचे तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावे आणि सूर्याकडे पाठ करून त्यातून येणारा प्रकाश १ मीटर अंतरावरच्या पांढऱ्या कागदावर घ्यावा. तेथे सुमारे ९ मिलिमीटरचे वर्तुळ उमटते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना यातून गणितही करता येते: प्रतिमेचा व्यास अंतराच्या साधारण १०९ व्या भागाएवढा येतो, सूर्याचा व्यासही त्याच्या अंतराच्या तेवढाच भाग असतो, आणि सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. भागाकार केला की सुमारे १४ लाख किलोमीटर हे उत्तर मिळते. टाचणीच्या भोकातून सूर्याचा व्यास मोजल्याचा आनंद मूल विसरत नाही.

लहान मुलांसाठी जमिनीत काठी रोवून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवण्याचा प्रयोग पुरेसा आहे. सावली फिरते, म्हणजे सूर्य सरकतो की आपण, हा प्रश्न त्या खड्यांसमोर बसूनच विचारावा.

तिसरी पायरी: ग्रह

पाच ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात: बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. आज त्यांपैकी कोणता कोठे आहे हे स्टेलॅरियमसारख्या मोफत संगणक-कार्यक्रमात आधी मोठ्यांनी पाहून ठेवावे. मुलांसमोर फोन उघडून आकाशाकडे धरू नये, कारण मग मुले आकाश सोडून पडद्याकडेच पाहतात. शुक्र हा चंद्रानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी गोल आहे आणि तो सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा दूर जात नाही, म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच सापडतो. गुरू पांढुरका आणि स्थिर, मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळसर. बुध क्षितिजालगत संधिप्रकाशात असतो. तो सापडला नाही तर निराश होण्याचे कारण नाही.

तारे लुकलुकतात आणि ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. तारा इतका दूर असतो की तो केवळ बिंदू असतो आणि वातावरणातल्या हालचालींनी त्या बिंदूचा प्रकाश थरथरतो. ग्रह ही लहानशी तबकडी असते, त्यामुळे थरथर सरासरीत विरून जाते. मात्र क्षितिजाजवळ ग्रहही लुकलुकताना दिसू शकतो, म्हणून ही खूण पक्की मानू नये. पक्की खूण वेगळी आहे: ग्रह सरकतो. मंगळ आकाशात असेल तेव्हा जवळच्या चार ताऱ्यांसह त्याचे चित्र काढावे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढावे. तारे तेथेच असतात, मंगळ हललेला असतो. हजारो वर्षांपूर्वी माणसाने ग्रह वेगळे ओळखले ते याच पद्धतीने.

यानंतर तक्त्यावरच्या चित्राची दुरुस्ती करावी. त्यासाठी मोकळे मैदान किंवा लांब सरळ रस्ता हवा. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर असे प्रमाण धरले, तर सूर्य १४ सेंटिमीटर व्यासाचे पुठ्ठ्याचे वर्तुळ होतो. बुध त्यापासून सुमारे ६ मीटरवर, शुक्र ११ मीटरवर, पृथ्वी १५ मीटरवर आणि मंगळ २३ मीटरवर येतो; पृथ्वी या प्रमाणात फक्त १.३ मिलिमीटरची असते, टाचणीच्या डोक्याहून किंचित लहान. एकेका मुलाच्या हाती टाचणी खोचलेला पुठ्ठा देऊन त्याला आपल्या जागी उभे करावे. मंगळापर्यंत सगळे एकमेकांशी बोलू शकतात. त्यानंतर गुरूचे मूल चालू लागते आणि चालतच राहते, कारण गुरू ७८ मीटरवर आहे आणि तो गोटीएवढा आहे. शनी १४३ मीटरवर, युरेनस २८७ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर. नेपच्यूनच्या जागेवरून मागे वळून पाहिले तर पुठ्ठ्याचा सूर्य जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. सर्व मुलांनी एकदा तरी तेथपर्यंत चालत जावे. प्लूटोबद्दल कोणी विचारतेच; २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली तेव्हापासून तो बटुग्रह मानला जातो. यादी बदलली, प्लूटो होता तसाच आहे.

चौथी पायरी: तारे

मैदानातला तोच पुठ्ठ्याचा सूर्य हातात घेऊन पुढचा प्रश्न विचारावा: याच प्रमाणात सर्वांत जवळचा दुसरा तारा किती दूर ठेवायचा? मुले मैदानाच्या टोकाकडे बोट दाखवतात, कोणी पुढच्या गावाचे नाव घेते. उत्तर आहे सुमारे ४,००० किलोमीटर. 'मित्र' (अल्फा सेंटॉरी) या ताऱ्याचा सोबती असलेला प्रॉक्झिमा हा तो तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. मुलांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी शांतता येते ती मोडू नये.

प्रकाशवर्ष हे काळाचे नव्हे तर अंतराचे माप आहे, आणि येथेच मोठे लोकही अडखळतात. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो आणि वर्षात जेवढे अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. हा आकडा लहान मुलांसमोर ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना जिना बांधून द्यावा: चंद्रावरून प्रकाश सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून सव्वाआठ मिनिटांत, नेपच्यूनवरून सुमारे चार तासांत, आणि प्रॉक्झिमावरून सव्वाचार वर्षांत.

या ठिकाणी मी नेहमी 'वयाचा तारा' शोधायला सांगतो, आणि या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. व्याध ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. साडेआठ वर्षांच्या मुलाला व्याध दाखवून सांगावे की आत्ता तुझ्या डोळ्यांत शिरणारा हा प्रकाश तू जन्मलास तेव्हा तेथून निघाला आणि तेव्हापासून न थांबता तुझ्याकडे येत होता. प्रश्वा सुमारे साडेअकरा प्रकाशवर्षांवर आहे, श्रवण सुमारे १७, अभिजित २५. आई-बाबांच्या वयाजवळचा स्वाती सुमारे ३७ प्रकाशवर्षांवर आहे, आणि तांबूस रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणून ती आजी-आजोबांना द्यावी. आजोबा जन्मले तेव्हा निघालेला प्रकाश आजोबा आणि नातू शेजारी उभे राहून पाहतात, तेव्हा अंतर आणि काळ यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रत्यक्ष ओळखीसाठी मृग नक्षत्रापासून सुरुवात करावी. ते खगोलीय विषुववृत्तावर असल्यामुळे पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांतून दिसते, आणि डिसेंबर ते मार्च या काळात संध्याकाळनंतर सहज सापडते. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याच्या मध्यभागी एका ओळीत तीन तारे, ज्याला बाण म्हणतात, ही खूण चुकत नाही. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध मिळतो. दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी, आणि आणखी पुढे कृत्तिकांचा लहानसा पुंजका. कृत्तिकांत किती तारे मोजता येतात याची मुलांमध्ये चढाओढ लावावी; बहुतेकांना सहा-सात दिसतात, आणि द्विनेत्री डोळ्यांना लावताच ते कितीतरी पटींनी वाढतात.

मृगाच्या चौकोनातच ताऱ्यांचे रंगही शिकता येतात. एका कोपऱ्यातला काक्षी तांबूस आहे आणि समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. मुलांना वाटते लाल म्हणजे गरम. ताऱ्यांत उलट आहे. काक्षीचे पृष्ठभागाचे तापमान साधारण ३,५०० अंश, सूर्याचे ५,५००, तर राजन्याचे १०,००० अंशांहून अधिक आहे. बाणाजवळ अंधूक ताऱ्यांची आणखी एक लहान ओळ आहे. तिच्या मध्ये द्विनेत्रीतून धुरकट ठिपका दिसतो. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग आहे आणि तेथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत.

पाहण्याआधी डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि फोनचा एक लखलखाट ती सगळी सवय घालवतो. बॅटरीवर लाल कागद बांधावा. मुलांना गरम कपडे द्यावेत, पाठीवर झोपून पाहू द्यावे, आणि कंटाळा दिसताच घरी आणावे.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात

पहिल्या वर्षी दुर्बीण घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. खोक्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेली वर्धनक्षमता फसवी असते. डळमळत्या तिपाईवरच्या लहान दुर्बिणीतून मुलाला काहीच सापडत नाही आणि त्याचा विषयातला रस मात्र जातो. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री घ्यावी. तिच्यातून चंद्रावरची विवरे दिसतात, आणि भिंतीला टेकून हात स्थिर ठेवले तर गुरूचे चार मोठे चंद्रही. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच चार ठिपके पाहिले आणि रोज रात्री त्यांच्या जागा वहीत मांडल्या; मुलालाही ओळीने चार-पाच रात्री तेच करायला सांगावे. शनीची कडी पाहायला मात्र खरी दुर्बीण लागते. त्यासाठी एखाद्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या कार्यक्रमाला जाणे उत्तम.

एक सूचना आधीच द्यावी: दुर्बिणीतून दिसणारे तेजोमेघ आणि दीर्घिका करड्या, धूसर असतात. छायाचित्रांतले रंग दीर्घकाळ प्रकाश साठवून मिळवलेले असतात. जेम्स वेब दुर्बीण तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते आणि शास्त्रज्ञ त्याला रंग नेमून देतात. हे सांगितले नाही तर मूल पहिल्याच रात्री हिरमुसते.

शेवटची पायरी: आकाशगंगा आणि इतर दीर्घिका

या पायरीसाठी खरा अंधार लागतो, शहरापासून दूर आणि चंद्र नसताना. आकाशगंगेचा दुधाळ पट्टा पाहिल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा: आपण दीर्घिकेच्या आत आहोत, तर ती पट्ट्यासारखी का दिसते? त्याचे उत्तर घरूनच घेऊन जावे. गोल पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाचे दाट ठिपके काढावेत आणि तो वरून दाखवावा, मग हळूहळू आडवा करत मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. वर्तुळ चपटे होत होत रेघ बनते. आपण त्या चकतीच्या आत आहोत. चकतीच्या दिशेने पाहिले की ताऱ्यांची गर्दी, आणि वर-खाली पाहिले की विरळ तारे. पट्ट्यामधले काळे डाग म्हणजे रिकाम्या जागा नव्हेत, तेथे धुळीचे ढग मागचे तारे झाकतात. केंद्र धनू राशीच्या दिशेला आहे.

आता ही चकती १ मीटरची माना. आकाशगंगा सुमारे १ लाख प्रकाशवर्षे रुंद आहे, तेव्हा १ सेंटिमीटर म्हणजे १,००० प्रकाशवर्षे. सूर्य केंद्रापासून सुमारे २६ सेंटिमीटरवर येतो. तेथे मुलाला करंगळीचे टोक टेकवायला सांगावे. आपण नुसत्या डोळ्यांनी पाहतो ते जवळजवळ सगळे तारे, व्याध, अभिजित, रोहिणी, सप्तर्षी, त्या बोटाखाली लपतात. उरलेल्या चकतीत किमान दहा हजार कोटी तारे आहेत.

शेजारची मोठी दीर्घिका देवयानी या तारकासमूहात आहे, म्हणून तिलाही देवयानीच म्हणतात. उत्तर गोलार्धातून ऑक्टोबर ते जानेवारी या काळात ती संध्याकाळी शोधता येते: इंग्रजी 'एम'सारखा दिसणारा शर्मिष्ठा तारकासमूह आणि महाश्व तारकासमूहाचा मोठा चौकोन यांच्या दरम्यान धुरकट, लांबट ठिपका. तो थेट पाहू नये. किंचित बाजूला नजर ठेवली की अधिक उजळ दिसतो, कारण अंधूक प्रकाशाला संवेदनशील असलेल्या पेशी दृष्टिपटलाच्या कडेला अधिक आहेत. दक्षिणेकडे राहणाऱ्यांना मॅगेलनचे दोन ढग, म्हणजे शेजारच्या दोन लहान दीर्घिका, आणखी सहज दिसतात. देवयानीचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. हा ठिपका आपल्या आकाशगंगेतच आहे की बाहेर, याचा वाद बराच काळ चालला. खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविट यांनी विशिष्ट रूपविकारी (तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांचा आवर्तकाळ आणि त्यांची तेजस्विता यांचे नाते शोधून काढले होते. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना देवयानीत तसाच तारा सापडला, त्याची खरी तेजस्विता आणि दिसणारे तेज यांवरून अंतर मोजता आले आणि ती स्वतंत्र दीर्घिका ठरली. आपल्या चकतीच्या प्रमाणात देवयानी सुमारे २५ मीटरवर ठेवावी लागते. मुलांना मैदानातली ती आठवण करून द्यावी: १४ सेंटिमीटरचे तारे ४,००० किलोमीटर अंतरावर, आणि १ मीटरच्या दीर्घिका मात्र २५ मीटरवर. त्यामुळेच दीर्घिका एकमेकींवर आदळतात, पण त्यांच्यातले तारे सहसा आदळत नाहीत.

त्यापलीकडे प्रश्न येतात: विश्वाच्या बाहेर काय आहे, सगळ्यांच्या आधी काय होते. जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असे मुलासमोर स्वच्छ सांगावे, आणि प्रश्न त्याच्याच अक्षरात वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगावा.

वहीतल्या प्रत्येक चित्राखाली दिनांक, वेळ आणि दिशा यांची नोंद हवीच. वर्षभराने त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच जागी उभे राहून जुने पान उघडावे. मृग झाडाच्या त्याच फांदीवर सापडतो. गुरू मात्र एक रास पुढे गेलेला असतो, कारण त्याला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ १२ वर्षे लागतात. तो पुन्हा जुन्या जागी कधी येईल हे बोटांवर मोजून, तेव्हा आपण किती वर्षांचे असू ते मूल त्याच पानावर लिहू शकते.